वेळ साधणारा लहान मेंदू

रेल्वे स्थानकावरचा सरकता जिना बंद पडलेला असतो. तो बंद आहे हे आपल्याला स्पष्ट दिसते, त्यावरून इतर माणसे पायी चढत आहेत हेही दिसते. तरीही पहिल्या पायरीवर पाऊल ठेवताच शरीर पुढे झुकते आणि क्षणभर तोल गेल्यासारखे वाटते. हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. लंडनमधील संशोधकांनी २००३ साली तो प्रयोगशाळेत तपासून पाहिला. ज्यांना जिना हलणार नाही असे आधी सांगितले होते, त्यांची शरीरेही पुढे झुकलीच.

याचा अर्थ असा की आपल्यामध्ये दोन प्रकारचे ज्ञान एकाच वेळी नांदते. एक ज्ञान शब्दांत सांगता येते. ‘जिना बंद आहे’ हे त्याचे उदाहरण. दुसरे ज्ञान शब्दांत सांगता येत नाही. कोणता स्नायू कोणत्या क्षणी किती आवळायचा, हे शरीराने पुन्हापुन्हा करून आत्मसात केलेले असते. दुधाचे पातेले उतू जाण्याआधी गॅसकडे जाणारा हात, ठेच लागताच सावरणारे पाऊल, डोळ्यात कचरा जाण्याआधीच मिटणारी पापणी ही सगळी या दुसऱ्या ज्ञानाची रूपे आहेत. या ज्ञानाचे एक प्रमुख ठिकाण म्हणजे आपला लहान मेंदू, अर्थात अनुमस्तिष्क. उतारवयात चालणे, वळणे, उठणे-बसणे यांविषयी ज्या चिंता वाटतात, त्यांतील अनेकांचा संबंध या अवयवाशी असतो. म्हणून त्याची ओळख ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी करून घेणे अगत्याचे आहे.

आकार लहान, पेशी अधिक

डोक्याच्या मागच्या बाजूस, मानेच्या थोडे वर, मोठ्या मेंदूच्या खाली हा लहान मेंदू असतो. त्याचे वजन संपूर्ण मेंदूच्या सुमारे एक दशांश. परंतु २००९ साली ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी मेंदूतील पेशींची काळजीपूर्वक मोजणी केली, तेव्हा सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत असल्याचे आढळले.

हालचाल सुरू करण्याची आज्ञा लहान मेंदू देत नाही. ती आज्ञा मोठ्या मेंदूकडून निघते. लहान मेंदू तिला वेळेत बसवतो, मोजून-मापून देतो आणि चूक झाली तर पुढच्या खेपेसाठी दुरुस्ती करून ठेवतो. म्हणूनच लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाचे हातपाय लुळे पडत नाहीत, त्यांत ताकद असते. पण पेल्याकडे नेलेला हात पेल्याच्या पुढे जातो, पावले फाकून पडतात, शब्द तुटक आणि जड येतात. थोडक्यात, बळ शाबूत राहते आणि वेळ चुकते.

पापणीने शिकवलेला धडा

लहान मेंदू वेळ कशी शिकतो, हे शास्त्रज्ञांना डोळ्याच्या पापणीने शिकवले. प्रयोग अगदी साधा आहे. कानावर एक ध्वनी पाडायचा आणि अर्ध्या सेकंदाने डोळ्यावर हवेचा हलका झोत सोडायचा. झोत आला की पापणी मिटते. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. परंतु ध्वनी आणि झोत यांची जोडी पुन्हापुन्हा अनुभवल्यावर पापणी झोत येण्याआधीच, केवळ ध्वनी ऐकून मिटू लागते. ही झाली शिकलेली प्रतिक्षिप्त क्रिया.

यातील खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. पापणी ध्वनी ऐकताच घाईने मिटत नाही. ती थांबते आणि झोत येण्याच्या सुमारास पूर्ण मिटलेली असते. तबल्याचा ठेका चालू असताना मुरलेला गायक मात्रा मोजत बसत नाही, तरीही नेमका समेवर येतो. पापणीचेही तसेच. ध्वनी आणि झोत यांतील अंतर बदलले, तर काही काळ ती चुकते आणि मग नवे अंतरही आत्मसात करते.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांनी ही शिकवण मेंदूत नेमकी कुठे साठते याचा सशांमध्ये अनेक वर्षे शोध घेतला. १९८४ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड मॅककॉर्मिक यांनी दाखवून दिले की, लहान मेंदूच्या आतील एका छोट्या केंद्राला इजा केली तर शिकलेली पापणीची हालचाल नाहीशी होते, मात्र झोत आल्यावरची जन्मजात हालचाल तशीच राहते. पुढे असेही दिसले की, लहान मेंदूच्या पृष्ठभागाच्या विशिष्ट भागाला इजा झाल्यास पापणी ध्वनीनंतर मिटते खरी, पण अवेळी, फार लवकर मिटते. म्हणजे क्रिया उरते, तिचा मुहूर्त हरवतो.

चूक हीच शिक्षक

हा मुहूर्त साधणाऱ्या पेशींना पुर्किन्ये पेशी म्हणतात. १८३७ साली त्यांचे वर्णन करणारे चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावावरून हे नाव पडले. अशा प्रत्येक पेशीकडे एक लाखाहून अधिक सूक्ष्म तंतू वार्ता आणतात: कोणता आवाज आला, पाय कुठे आहे, मान किती वळली आहे. याशिवाय तिला वेढणारा एक वेगळा, जोरकस तंतू असतो. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत तफावत पडली, की हा तंतू त्या पेशीला ‘चुकले’ असा इशारा देतो. असा इशारा मिळत गेला, की पेशी आपल्याकडे येणाऱ्या लाखो वार्तांपैकी कोणत्या किती मानायच्या, हे थोडेथोडे बदलत जाते.

पुर्किन्ये पेशींचे काम मुख्यतः आवरून धरण्याचे आहे. त्या आपल्या खालच्या केंद्रांना सतत दाबून ठेवतात. शिक्षण पुरे झाल्यावर योग्य क्षण जवळ येताच त्या काही काळ शांत होतात, खालचे केंद्र मोकळे होते आणि हालचाल घडते. आपल्या प्रत्येक सफाईदार हालचालीमागे असे आवरणे आणि सोडणे अखंड चाललेले असते.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, हा मेंदू चुकीतून शिकतो, पण ती चूक शरीराला जाणवायला हवी. दुसरी, चूक आणि तिचा इशारा एकमेकांच्या अगदी जवळ, क्षणार्धात यायला हवेत. तासाभराने समजावून सांगितलेली चूक मोठ्या मेंदूला कळते. लहान मेंदूच्या लेखी ती घडलेलीच नसते.

जाणणे वेगळे, साधणे वेगळे

ज्यांच्या लहान मेंदूला इजा झाली होती, अशा रुग्णांवरही पापणीचा प्रयोग करण्यात आला. ध्वनीनंतर झोत येतो, हे त्यांना नीट सांगता येत होते. पण त्यांची पापणी ते शिकत नव्हती.

याच्या अगदी उलट उदाहरण हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थांचे. फिट्सचा आजार आवरेना म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली. थोड्या वेळापूर्वी भेटलेला माणूसही त्यांना नवखा वाटे. वयाची साठी उलटल्यावर त्यांच्यावर पापणीचा प्रयोग झाला. त्यांना शिकायला इतरांपेक्षा बराच अधिक वेळ लागला, पण ते शिकले. दोन वर्षांनी पुन्हा प्रयोग झाला तेव्हा त्यांना ना ती खोली आठवत होती, ना ते यंत्र, ना ती माणसे. पापणी मात्र पहिल्या खेपेपेक्षा पुष्कळच लवकर शिकली. जे मनाने विसरले होते, ते शरीराने जपले होते.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणारे ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी याची आणखी एक बाजू नोंदवली आहे. लहान मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या त्यांच्या एका रुग्णाने सांगितले होते की, डावा हात आपोआप काम करतो, पण उजव्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. (लहान मेंदूचा उजवा भाग शरीराच्या उजव्याच बाजूचे काम पाहतो.) ‘विचार करून करावी लागते’ हे शब्द घरातील ज्येष्ठांच्या तोंडून आपण कितीदा ऐकतो! पूर्वी आपोआप होणारी गोष्ट आता लक्ष देऊन करावी लागते, हीच अनेकांच्या थकव्यामागची गोष्ट असते.

वय वाढते तेव्हा

वयानुसार पुर्किन्ये पेशी काहीशा कमी होतात. पापणीच्या प्रयोगातही चाळिशी-पन्नाशीनंतर शिकण्याचा वेग मंदावलेला दिसतो. पण मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे. तरुणाला जे थोड्या आवृत्त्यांत येते, त्यासाठी ज्येष्ठांना अधिक आवृत्त्या लागतात. पाय, डोळे आणि कान यांकडून येणाऱ्या वार्ताही या वयात पुसट होतात. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर अधिकच. पुसट वार्तेवरून अचूक वेळ साधणे लहान मेंदूला कठीण जाते.

अशा वेळी उणीव भरून काढण्यासाठी मोठा मेंदू लक्ष देऊ लागतो. म्हणून चालणारे आजोबा प्रश्न विचारताच थबकतात. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी हे तपासले. बोलू लागताच जे वृद्ध चालता चालता थांबत होते, ते पुढील सहा महिन्यांत इतरांपेक्षा अधिक प्रमाणात पडले. तात्पर्य सोपे आहे: आई जिना उतरत असताना तिच्याशी बोलू नये, मागून हाक मारू नये आणि त्याच वेळी तिच्या हातात पिशवीही देऊ नये. जे विचारायचे ते खाली पोहोचल्यावर विचारावे.

नवा चष्मा आणि पहिला आठवडा

लहान मेंदूचे काम आपल्याला सर्वांत स्पष्टपणे जाणवते ते चष्म्याचा नंबर बदलल्यावर. आपण मान डावीकडे वळवतो तेव्हा डोळे तेवढ्याच वेगाने उजवीकडे फिरतात, म्हणून समोरचे दृश्य स्थिर दिसते. डोळ्यांनी किती फिरायचे, हे माप जुन्या चष्म्याला धरून बसलेले असते. भिंगाची शक्ती बदलली की ते चुकते, दृश्य हलल्यासारखे होते, जमीन जवळ किंवा दूर भासते. लहान मेंदू ही चूक टिपतो आणि काही दिवसांत नवे माप बसवतो.

म्हणून नवा चष्मा मिळाल्यावर तो घरात, बसून आणि सपाट जागी सलग वापरावा. ‘गरगरते’ म्हणून दर तासाला जुना चष्मा चढवला, तर शिकवणी पुन्हापुन्हा मोडते. पहिले काही दिवस जिना, गर्दीचा रस्ता आणि वाहन चालवणे शक्यतो टाळावे. दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला तर नंबर पुन्हा तपासून घ्यावा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून पायऱ्या धूसर दिसतात, कारण खालच्या भागात जवळचा नंबर असतो. असे चष्मे घालून चालणारे ज्येष्ठ अधिक पडतात, असे ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत दिसून आले आहे. बाहेर बरेच हिंडणाऱ्यांनी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवण्याविषयी नेत्रतज्ज्ञांशी बोलावे.

शिकवण कशी द्यावी

लहान मेंदूला उपदेश कळत नाही, सराव कळतो. तो सराव थोडा, रोजचा आणि किंचित आव्हान देणारा असावा. अलीकडे पडलेले, चालताना आधार लागणारे, हृदयविकार किंवा उठताच चक्कर येण्याचा त्रास असलेले, अशांनी आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारावे. इतरांनी, जवळ कोणीतरी असताना, स्वयंपाकाच्या ओट्याला किंवा भक्कम टेबलाला धरून पुढील गोष्टी कराव्यात.

• दोन्ही पाय जुळवून उभे राहावे. जमू लागल्यावर एक पाऊल थोडे पुढे ठेवून उभे राहावे. ओट्यावरची पकड हळूहळू हलकी करत बोटांच्या टेकूपर्यंत आणावी.

• ओट्याच्या कडेकडेने, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लागेल असे चालावे. हात ओट्यावरच असू द्यावा.

• मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून, हातांचा आधार कमीत कमी घेत उठावे आणि सावकाश बसावे.

• खुर्चीत बसून हाताचा अंगठा समोर धरावा. नजर अंगठ्यावर खिळवून मान हळूहळू डावी-उजवीकडे वळवावी. मानेच्या मणक्यांचा विकार असलेल्यांनी हा व्यायाम विचारूनच करावा.

दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे एवढे पुरे. एका दिवशी तासभर करून चार दिवस सोडून देण्यात अर्थ नाही. सराव करताना थोडे डुलायला झाले तर घाबरू नये. तो सुरक्षित मर्यादेतील डोल हाच लहान मेंदूचा धडा आहे. प्रत्येक वेळी दंड घट्ट धरून ठेवला तर तो धडा मिळत नाही. म्हणून सांभाळणाऱ्याने हात अगदी जवळ ठेवावा, पण गरज पडेपर्यंत धरू नये.

सरावाइतकेच महत्त्व घरातील स्थिरतेला आहे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट वर्षानुवर्षे पायांनी पाठ केलेली असते. दिवाळीच्या साफसफाईत कपाट फूटभर सरकवले, तर डोळ्यांना ते दिसते, पण रात्री दोन वाजता अंधारात पाय जुन्याच मापाने पडतात. फर्निचर हलवायचेच असेल तर दिवसा, ज्येष्ठांसह त्या वाटेवरून काही दिवस चालावे. रात्री मंद दिवा असावा, न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा असावा आणि मागून मोकळ्या, सैल चपलांऐवजी टाच धरून ठेवणारी पादत्राणे वापरावीत.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी हाच नियम अधिक हळुवारपणे पाळावा. त्या आजारात नवे शिकणे खूप मंदावते, हे खरे. तरीही अनेकांमध्ये नावे आणि तारखा पुसल्या गेल्यावरही हाताच्या सवयी दीर्घकाळ टिकतात. वॉकर वापरायला शिकवायचे असल्यास रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, त्याच मोजक्या शब्दांत शिकवावे. ‘काल सांगितले होते ना?’ हा प्रश्न विचारू नये. कालचे सांगणे त्यांना आठवणार नाही, पण कालचे करणे कदाचित अंगात उरलेले असेल.

औषधांकडे लक्ष

काही औषधे लहान मेंदूवर थेट परिणाम करतात. फिट्ससाठीचे फेनिटॉइन हे त्यांपैकी ठळक. त्याची रक्तातील पातळी वाढली की तोल जातो, बुबुळे थरथरतात, जीभ जड होते. मोलेसन यांच्या बाबतीत शिकायला लागलेल्या विलंबाचे एक कारण हेच मानले जाते. दीर्घकाळच्या फेनिटॉइनमुळे त्यांचा लहान मेंदू आक्रसला होता. लिथियमची पातळी वाढल्यावरही असे होऊ शकते. झोपेच्या आणि चिंतेच्या अनेक गोळ्यांनीही चाल बिघडते. मद्याने तर लहान मेंदू तत्काळ बिथरतो आणि वर्षानुवर्षांच्या अतिसेवनाने त्याच्या पेशीच झिजतात.

असा संशय आला तरी औषध परस्पर बंद करू नये. फेनिटॉइन अचानक थांबवल्यास फिट्स उलटू शकतात. सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे, हे उत्तम.

हे वयाचे नव्हे, घाईने जावे

हळूहळू येणारी अस्थिरता आणि अचानक आलेली अस्थिरता यांत मोठा फरक आहे. कालपर्यंत व्यवस्थित चालणाऱ्या व्यक्तीला अचानक आधाराशिवाय उभेही राहता येईना, गरगरून उलट्या होऊ लागल्या, डोके तीव्र दुखू लागले, दोन-दोन दिसू लागले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो लहान मेंदूचा पक्षाघात असू शकतो. यात हातपाय लुळे पडतीलच असे नाही आणि चेहरा वाकडा होईलच असेही नाही. म्हणूनच ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘मानेमुळे चक्कर आली’ असे समजून मौल्यवान तास वाया जातात.

अशा वेळी त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावे आणि मेंदूविकारांवर उपचार होतात अशा रुग्णालयात ताबडतोब न्यावे. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देता येते. पहिला सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी लहान मेंदूचा पक्षाघात नाहीच असे ठरत नाही. एमआरआयची गरज आहे का, हे तेथील डॉक्टरांना जरूर विचारावे. लहान मेंदूभोवती जागा अगदी कमी असते. सूज आली तर श्वास सांभाळणाऱ्या भागावर दाब पडू शकतो, म्हणून पहिले काही दिवस रुग्णालयातील देखरेख महत्त्वाची ठरते.

आठवड्या-महिन्यांत वाढत गेलेल्या अस्थिरतेलाही ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइडची किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, औषधांचा परिणाम, कानाचे विकार अशी अनेक कारणे वेळीच सापडली तर सुधारता येतात.

शेवटी, काळजी घेणाऱ्यांसाठी एक विनंती. ‘बाबा, नीट चाला’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोलले जाते. बाबांना ते पहिल्याच वेळी कळलेले असते. त्यांच्या पायांना मात्र शब्दांची भाषा येत नाही. त्यांच्याबरोबर रोज सायंकाळी दहा मिनिटे, त्याच वाटेने, त्यांच्या चालीने चालावे. त्या दहा मिनिटांत बाबांचे पाय जे शिकतील, ते दहा सूचनांनी शिकणार नाहीत.